डब्यावरचं वाक्य

५ फेब्रुवारी

भिंगरी,

फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि कोणाचंच कोणी ऐकत नाही, म्हणून पत्र. कागदावर तरी तुला मध्येच तोंड घालता येणार नाही.

माझ्या हातांचं तुला ठाऊक आहे. झाडाच्या चिकापासून केलेल्या रबराचे हातमोजे घातले की आधी नुसती खाज यायची, आता मनगटाच्या वरपर्यंत गांधी उठतात. शेजारी कोणी तसले मोजे ओढून काढले तरी खोकला लागतो. सर्जनच्या हातात हत्यारं देणारी नर्स, आणि तिलाच हातमोजे सोसत नाहीत! तुझा दादा म्हणतो, शिंप्याला सुईचं वावडं असावं तसं झालंय. त्याला हसायला काय जातंय?

आजवर निभावलं, कारण मेट्रन माझ्यापुरते बिनचिकाचे मोजे बाहेरून मागवायची. ते बनवणारी कंपनी आता तो माल बंद करतेय. उरलेला साठा जूनअखेरपर्यंत पुरेल. पुढे मेट्रनने स्पष्टच सांगितलंय, "सिस्टर, मोजे मिळाले नाहीत तर तुम्हाला रेकॉर्ड रूममध्ये पाठवावं लागेल." म्हणजे तळघरात, जुन्या केसपेपरांच्या गठ्ठ्यांत. मी तिथे वेडी होईन गं.

तुमच्या कारखान्यात आता कृत्रिम रबराचे मोजे निघतात ना? मी खरेदीच्या क्लार्कला सांगितलं, तर तो मान वर न करता म्हणाला, "नोंदणी नाही." आता मला सांग, हातमोजा म्हणजे पाच बोटं आणि एक तोंड. त्यात नोंदवण्यासारखं आहे तरी काय?

तुझी वहिनी

१६ फेब्रुवारी

वहिनी,

एकुलत्या नणंदेचा साष्टांग नमस्कार, आणि क्लार्कला माझा वेगळा नमस्कार, कारण तो बरोबर बोलला.

नोंदवण्यासारखं काय, असं विचारतेस? गेली दोन वर्षं मी इथे दुसरं काही करत नाही! ऐक. समज आमच्या एकाच टाकीतल्या रबराचे मोजे केले. मी म्हटलं, हे भांडी घासायला आहेत, तर वैद्यकीय नोंदणीची गरजच नाही. म्हटलं, डॉक्टर घसा तपासताना घालतील, की तो पहिल्या वर्गात गेला. कमी धोका, थोडे कागद. आणि म्हटलं, हे घालून सर्जन पोटात हात घालणार, की तो चढला दुसऱ्या वर्गात. मग कागद, चाचण्या, कारखान्याची तपासणी, सगळं मागे लागतं. रबर तेच, पण त्याच्याकडून काय काम घेणार हे आम्ही लिहून देतो आणि त्यावर वर्ग ठरतो. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दिवसभर घरातली प्रत्येक वस्तू उचलून म्हणत होते, तुझा वर्ग कोणता गं बाई?

नुसतं लिहून भागत नाही म्हणा. तपासणीचा मोजा कुठल्याही हातात चालतो. शस्त्रक्रियेचा डावा वेगळा, उजवा वेगळा, अंगठा पुढे आलेला, आणि जोडी निर्जंतुक पाकिटात. आमच्याकडे चिनी मातीचे हात साखळीवर उलटे टांगलेले असतात, ते टाकीत बुडून वर येतात. मग त्या मोज्यात पाणी भरून टांगायचं आणि थेंब गळतो का ते बघायचं. काही मोजे गरम भट्टीत ठेवून मुद्दाम म्हातारे करायचे आणि मग ओढून बघायचं, किती ताणल्यावर फाटतो. माणसाची इतकी परीक्षा घेतली असती तर तुझं दादाशी लग्नच झालं नसतं.

मी आता नेमका शस्त्रक्रियेच्या मोज्यांचाच अर्ज तयार करतेय. डब्यावर वाक्य असेल: "चिकाच्या रबराचा अंश नाही." तुझ्यासाठीच लिहिल्यासारखं आहे की नाही?

भिंगरी

२ मार्च

भिंगरी,

पत्र दोनदा वाचलं. एकदा समजण्यासाठी आणि एकदा दादाला वाचून दाखवण्यासाठी. तो अजून आपला वर्ग शोधतोय.

मला आता सगळीकडे तेच दिसतं. काल ऑपरेशन चालू असताना कात्री देता देता मनात आलं, हिची नोंदणी कोणी केली असेल? कापूस? सुई? बोटाला बांधायची पट्टी? पट्टी पहिल्याच वर्गात असणार ना? की जखम खोल असेल तर तीही वर चढते? कळव.

आता मुद्द्याचं. पहिल्या वर्गाला थोडेच कागद लागतात म्हणतेस. मग मोजे "तपासणीसाठी" म्हणून नोंदव की! रबर तेच, टाकी तीच. दवाखान्यात आले की ऑपरेशन थिएटरमध्ये कोणी घालायचे ते माझं मी बघून घेते. मेट्रनला नोंदणीचा क्रमांक हवाय, वर्ग कोण वाचतंय? जून फार लांब नाही गं.

वहिनी

१२ मार्च

वहिनी,

पट्टीचा प्रश्न फार छान विचारलास, आणि उत्तर तू म्हणतेस तेच आहे. खोल जखमेवर लावायची म्हटली की ती वर चढते. तू इकडे नोकरीला ये.

मुद्द्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र नाही, नाही आणि नाही. घसा बघताना मोजा फाटला तर दुसरा घालता येतो. पोट उघडं असताना फाटला तर काय होतं, ते मी तुला सांगायचं का? पहिल्या वर्गाचा मोजा मी तेवढ्यापुरताच तपासला असेल. आणि तू काय घालतेस ते टेबलावर झोपलेल्या माणसाला कुठे दिसतंय? हा विचार तुझ्या डोक्यात आला याचं मला नवल वाटलं. म्हणजे तू खरोखर घाबरली आहेस.

म्हणून दुसरा उपाय करतेय. सोबत आमच्या नव्या मोज्यांची काही पाकिटं आहेत. दवाखान्यात न्यायची नाहीत. नोंदणी नसलेला मोजा पेशंटजवळ जाता कामा नये. घरात घाल, कपडे घडी कर, बटणं लाव, दादाचे कान धर. आम्ही बाहेरच्या चार जणींनाही दिलेत, तू पाचवी. काय वाटलं ते मी अर्जासोबत जोडणार आहे. तेव्हा हातचं राखून लिहू नकोस. खाजलं तर खाजलं म्हण.

भिंगरी

२६ मार्च

भिंगरी,

अक्षर बघून दचकू नकोस. तुझी वहिनी सांगतेय आणि मी लिहितोय, कारण तिचे हात पिठात आहेत. ती म्हणते:

मोजे उत्तम. बोटांना नीट बसतात, बटण लावताना कापड नीट जाणवतं, मनगटाशी गुंडाळत नाहीत. हात अगदी छान आहेत. काही त्रास नाही. अर्ज लवकर पाठव.

एवढंच. माझे कान धरलेले नाहीत, तीही नोंद घ्यावी.

दादा

४ एप्रिल

वहिनी,

वाचून मी खुर्चीतून उडालेच! टेबलावरचा चहा सांडला, पण कागद वाचले. अर्ज गेला. पाचही जणींचा अभिप्राय "तक्रार नाही" असा जोडला. तुझ्या नावाऐवजी लिहिलंय, "वापरणारी क्रमांक पाच, शस्त्रक्रिया विभागात नर्स, चिकाच्या रबराची ॲलर्जी." नोंदणी कचेरीला सगळ्यात जास्त तुझंच पटेल.

तिथल्या तपासनीस बाईंना आम्ही का-बाई म्हणतो. त्यांचा प्रत्येक प्रश्न "का" ने सुरू होतो. का हाच साचा? का एवढीच जाडी? त्यांचा पहिला कागद आलासुद्धा, आणि विशेष काही विचारलेलं नाही. मला तर वाटतं जूनच्या आत होऊन जाईल.

तू मात्र एवढं तुटक का लिहवून घेतलंस? पहिल्या वर्गाला नाही म्हटलं म्हणून रुसलीस की काय? आणि तुझ्या घरी पिठाला हात तू कधीपासून लावायला लागलीस? माझ्या आठवणीत तो प्रांत दादाचा आहे.

भिंगरी

२० एप्रिल

भिंगरी,

ती ड्यूटीवर आहे, म्हणून लिहितोय. मी लिहिलंय हे तिला संध्याकाळी मीच सांगणार आहे, त्यामुळे चहाड्या केल्या असं समजू नकोस.

पीठबीठ काही नव्हतं. तुझे मोजे तिने सकाळी घातले आणि दुपारपर्यंत दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले. बोटं इतकी सुजली की पेन धरता येईना. रात्री दम लागला आणि डॉक्टरांकडे न्यावं लागलं. आता बरी आहे. तिने मला शपथ घातली की तुला कळवायचं नाही, नाहीतर अर्ज अडकेल. मी बायकोपुढे कधी ठाम राहिलोय, ते तुला माहीत आहे.

पण तुझं पत्र आलं आणि त्यात लिहिलेलं की तिचंच सगळ्यात जास्त पटेल. ते वाक्य मला गिळवेना. ती खोटं बोलली आणि मी ते लिहून दिलं. माझंही चुकलं.

एक मला कळत नाही. त्यात चीक नाहीच, तर मग आला कुठून?

दादा

२९ एप्रिल

वहिनी,

मी तुझ्यावर इतकी चिडले आहे की तीन कागद फाडून हा चौथा घेतलाय. तुला श्वास घेता येत नव्हता आणि मी इकडे आनंदाने चहा सांडत होते! काही झालं असतं म्हणजे? दादाच्या तोंडाकडे तरी बघायचं होतंस.

चिडून झाल्यावर दादाचा प्रश्न डोक्यात बसला तो उठेचना. चीक आला कुठून? टाकीतलं रबर पुन्हा तपासायला पाठवलं, त्यात काही नाही. साखळीवर चिकाचा जुना माल कधी चाललाच नव्हता, ती नवी आहे. निर्जंतुक करण्याच्या खोलीत रबराची वस्तूच नाही. मग मी पॅकिंगच्या खोलीत एक स्टूल घेतलं आणि काही न बोलता बसून राहिले. पॅकिंगच्या काकूंना वाटलं, मी त्यांच्यावर नजर ठेवायला आलेय. त्यांनी माझ्यावरचा पंखा दुसरीकडे फिरवला.

बघता बघता एका नव्या हिरव्या मोज्यावर मला बारीक पांढरं बोट उमटलेलं दिसलं. पावडरचं. आमच्या नव्या मोज्याला पावडर नसतेच! वर बघितलं तर काकूंच्या हातात, सगळ्यांच्याच हातात, आमचे जुने मोजे. चिकाचे, पावडरवाले. बंद झालेला तो माल पोत्यांत पडून होता.

"काकू, हे का घातलेत?"

"अगं, उघड्या हाताने शिवायचं नाही असा नियम तूच लावलास ना? मग आपलेच मोजे असताना विकतचे कशाला आणायचे?"

भिंतीवर तो नियम लावलाय. खाली माझी सही आहे. मोजे घालावेत असं मी लिहिलं होतं, कोणते घालावेत हे लिहायचं मला सुचलंच नाही. मोज्यांच्या कारखान्यात राहून! आणि प्रयोगशाळेला नमुने मी साखळीवरूनच उचलून पाठवत होते, पॅकिंगच्या आधी. त्यामुळे चाचण्या सगळ्या स्वच्छ. तुझे हात आले नसते तर हे कोणालाच दिसलं नसतं.

त्या हातांचं तू मला खोटं सांगितलंस. लगेच लिही, स्वतःच्या हाताने.

भिंगरी

६ मे

भिंगरी,

हे माझंच अक्षर आहे, बघ. बोटं उतरली.

तुझं पटतंय आणि मी चुकले. शंभर वेळा म्हणायला लाव, म्हणेन. तुझं स्टूल, पंखा, पांढरं बोट, सगळं वाचताना मला राग यायच्या ऐवजी मजाच वाटली, एवढा मोठा पेच आणि उत्तर काकूंच्या हातात!

आता माझं ऐक. कारण सापडलंय. काकूंना उद्यापासून दुसरे मोजे दे, संपलं. अर्ज आहे तिथे राहू दे. मी कुठे तक्रार केलीय? माझ्यापुरते जुन्या पॅकिंगचे आले तर मी धुऊन घालीन. मागे घेतलास तर पुन्हा रांगेच्या शेवटी जाशील आणि माझा जून गेला. मेट्रनने माझ्या जागेवर शिकवायला एक मुलगी आणून ठेवलीय. ती माझ्याकडूनच शिकतेय आणि चांगली शिकतेय, हेच जास्त लागतं.

मी हात जोडते तुला.

वहिनी

११ मे

वहिनी,

मागे घेतला.

आधी मालकांनी विचारलं, "तक्रार कोणाची? तुझ्या वहिनीचीच ना? मग घरातच मिटवा की." मी म्हटलं, अर्जावर सही माझी आहे आणि अर्जात एक गोष्ट खोटी आहे, मी सही काढून घेते, तुम्ही दुसऱ्या कोणाची घ्या. तिसऱ्या दिवशी स्वतः पॅकिंगमध्ये जाऊन जुनी पोती बाहेर काढायला उभे राहिले. आता ते तोंड वाकडं करून का होईना, माझ्या बाजूने आहेत.

तू धुऊन घालशील. तुला सगळं माहीत आहे. पण लांबच्या एखाद्या दवाखान्यात तुझ्यासारखीच कोणी असेल, ती डब्यावरचं वाक्य वाचेल आणि विश्वासाने हात घालेल. तिला कोण सांगणार, बाई, आधी धू म्हणून?

तुझा जून गेला आणि तो मी घालवला. मला फार वाईट वाटतंय. दुसरं काही करता येत नाही.

भिंगरी

१८ ऑगस्ट

भिंगरी,

तुझ्या मेमधल्या पत्रानंतर मी लिहिलंच नाही. दादा सांगत होता तुझे फोन यायचे. मी घरातच असायचे. बोलावंसं वाटत नव्हतं, खोटं कशाला सांगू.

रेकॉर्ड रूममध्ये दीड महिना झाला. एक लांबलचक खोली, छतापर्यंत फळ्या, मधोमध एक टेबल, एक शिडी आणि मी. पहिले दिवस वरच्या मजल्यावर ट्रॉलीचा आवाज आला की मी हातातलं टाकून दाराशी जायचे. आता तेवढं नाही.

तुझ्यावर मी फार रागावले होते. मग काय झालं सांगू? रिकाम्या डोक्याने बसवेना, म्हणून जुने केसपेपर चाळायला लागले. एका नर्सचा सापडला, आमच्याच दवाखान्यातली, मी लागण्याच्या आधीची. हातावर गांधी, मग खोकला, मग दम. दर वेळी औषध दिलंय आणि घरी पाठवलंय. कोणी विचारलेलंच नाही की बाई, हातात काय घालतेस? शेवटी लिहिलंय, "नोकरी सोडली." तिनेही हात लपवले असतील का गं? की दाखवले आणि कोणी बघितले नाहीत?

अर्जाचं काय झालं? का-बाई काय म्हणतात? पॅकिंगच्या काकू आता काय घालतात? आणि म्हातारे केलेले मोजे नंतर कुठे टाकता, ते तू कधी सांगितलंच नाहीस.

वहिनी

९ डिसेंबर

वहिनी,

बस आधी. खरंच बस.

नोंदणी झाली. दुसरा वर्ग, शस्त्रक्रियेचे हातमोजे, निर्जंतुक. क्रमांक वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय, तो तुझ्या क्लार्कच्या टेबलावर नेऊन आपट.

का-बाई स्वतः आल्या होत्या. उंच असतील असं वाटलं होतं, माझ्या खांद्याला लागतात. मला पहिला प्रश्न, "कोणी हरकत घेतली नव्हती, मग अर्ज मागे का घेतलात?" मी सगळं सांगितलं, वापरणारी क्रमांक पाचने काय केलं तेसुद्धा. त्या हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. सरळ पॅकिंगमध्ये गेल्या आणि स्टुलावर बसल्या, माझ्याच स्टुलावर! काकूंनी आता पंखा त्यांच्याकडे फिरवला. सगळ्यांच्या हातात हिरवे मोजे, ज्या मालाचं पॅकिंग त्याच मालाचे. नमुनेही आता बंद पाकिटातूनच जातात.

काल कचेरीतून सगळ्या कारखान्यांना नवी प्रश्नावली आली. चिकाचा अंश नाही असं ज्यांना लिहायचंय, त्यांच्यासाठी एक प्रश्न वाढलाय: "पॅकिंग करणारे कोणत्या रबराचे हातमोजे घालतात?" मी तो काकूंना वाचून दाखवला. वहिनी, तो प्रश्न तुझ्या हातांनी विचारलाय. त्या केसपेपरवाल्या बाईच्याही म्हण हवं तर.

म्हातारे मोजे भंगारात जातात. एक मी टेबलावर ठेवलाय, त्याचं नाव दादा.

भिंगरी

२२ जानेवारी

भिंगरी,

क्रमांक आपटला नाही, हळूच ठेवला. क्लार्कने पहिल्यांदा मान वर केली.

मेट्रनने लगेच वर घेतलं नाही. आधी दवाखान्याच्याच कर्मचारी आरोग्य विभागात डॉक्टरांसमोर मोजे घालून बसवलं, दोन वेगवेगळ्या दिवशी. मी म्हटलं घरी घालून बघते, तर म्हणाली, "सिस्टर, घरचं तुमचं ऐकलंय मी." तुझ्या दादाने सगळीकडे सांगून ठेवलंय वाटतं.

काल ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहिले. लांबलचक ऑपरेशन होतं. ती नवी मुलगी माझ्या शेजारी होती. तिने डबा हातात घेतला, वाक्य वाचलं आणि मला विचारलं, "सिस्टर, हे खरं असतं का हो?" मी म्हटलं, हे खरं आहे, घाल. सहा महिन्यांनी हातात चिमटा आला आणि सर्जनने न बघता हात पुढे केला. मी त्यावर तो ठेवला. बस, एवढंच हवं होतं मला.

आता हातांचं. मोजे काढल्यावर बघितले, रात्री बघितले, आज सकाळी बघितले. लाली नाही, खाज नाही, खोकला नाही. यावेळी खरं लिहितेय गं.

तुझी वहिनी

ता. क. तपासले. दोन्ही हात, कोपरापर्यंत, खिडकीपाशी उजेडात. खरं आहे. — दादा